पत्ता नसलेला उजेड

मी कवी. पदवी बी.ए.ची. त्यामुळे आकाशाबद्दल बोलायचं म्हटलं की मित्र सांगतात, ‘बाबा रे, चंद्र-चांदण्यांवर बोल, फार तर उल्कांवर.’ पण आज मला बोलायचं आहे ते डोळ्यांना न दिसणाऱ्या एका उजेडाबद्दल. तो काही सेकंद टिकतो, फार तर काही मिनिटं, आणि तेवढ्या वेळात आकाशातल्या इतर सगळ्या उजेडांना मागे टाकतो. शास्त्रज्ञ त्याला गॅमा किरणांचा स्फोट म्हणतात. क्ष-किरण आपल्याला दवाखान्यामुळे माहीत आहेत. गॅमा किरण हे त्यांचेच थोरले भाऊ, अधिक ताकदीचे. सुदैवानं पृथ्वीभोवतीची हवा त्यांना खाली येऊ देत नाही. म्हणून दिवसाला साधारण एक या हिशेबानं हे स्फोट आपल्या उपकरणांना दिसतात, तरी आपली झोपमोड होत नाही.

या स्फोटांचा शोध लागल्यानंतर जवळजवळ तीस वर्षं ते नेमके कुठं होतात हेच कुणाला ठाऊक नव्हतं. आपल्या शेजारी, की विश्वाच्या दुसऱ्या टोकाला? मला इतिहास सांगायचा आहे तो या ‘कुठं’चा. आपल्या जुन्या गावांमध्ये तांबट आळी असायची, कुंभारवाडा असायचा, बागवान गल्ली, मोमीनपुरा असायचा. माणसानं पत्ता सांगितला की तो भांडी ठोकतो, मडकी घडवतो, फळं विकतो की मागावर बसतो हे विचारावं लागत नसे. गल्ली कळली की धंदा कळला. गॅमा किरणांच्या स्फोटांचंही अगदी तसंच झालं. पण गल्ली सापडायला तीन दशकं गेली.

गोष्ट सुरू होते अणुबॉम्बपासून. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिका, सोव्हिएत रशिया आणि ब्रिटन यांनी एक करार केला. अणुचाचण्या यापुढे हवेत, पाण्याखाली आणि अवकाशात करायच्या नाहीत. जमिनीखाली केल्या तर चालतील. करारावर सह्या झाल्या, पण विश्वास कुठून आणायचा? रशिया चंद्राच्या पाठीमागे जाऊन गुपचूप बॉम्ब उडवील, अशीही शंका अमेरिकेत घेतली जात होती. म्हणून त्याच वर्षी ऑक्टोबरात अमेरिकेनं ‘व्हेला’ उपग्रहांची पहिली जोडी सोडली. नाव स्पॅनिश भाषेतलं, जागता पहारा ठेवण्याच्या अर्थाचं. लाखभर किलोमीटर उंचीवरून हे पहारेकरी अणुस्फोटातून निघणाऱ्या किरणांची वाट पाहत फिरत राहिले.

२ जुलै १९६७ रोजी त्यांच्या उपकरणांनी गॅमा किरणांचा एक झोत टिपला. तेव्हा कुणाचं लक्ष गेलं नाही. त्या काळी आकडे कागदावर छापून यायचे आणि माणसांनी ते डोळ्यांत तेल घालून ताडून पाहायचे. अमेरिकेतल्या लॉस अॅलामॉस इथल्या प्रयोगशाळेत, म्हणजे जिथं पहिला अणुबॉम्ब तयार झाला तिथंच, रे क्लेबेसाडेल आणि रॉय ओल्सन हे दोघं हे काम करत होते. १९६९ मध्ये जुने कागद चाळताना त्यांना ही नोंद दिसली. एकाच क्षणी एकाहून अधिक उपग्रहांनी काहीतरी पाहिलं होतं. आणि ते जे काही होतं, त्याचा चढउतार बॉम्बच्या स्फोटाशी जुळत नव्हता.

ईदचा चांद पाहिल्याची ग्वाही आमच्याकडे सहसा एकट्याची चालत नाही, किमान दोघांनी तरी सांगावं लागतं. इथंही तेच. एका उपग्रहाचं म्हणणं यंत्राचा बिघाड म्हणून सोडून देता आलं असतं. दोघांनी सांगितलं की ऐकावं लागतं. शिवाय दोन साक्षीदार एकमेकांपासून दूर असले की आणखी एक फायदा होतो. प्रकाश एका उपग्रहापाशी आधी पोचतो, दुसऱ्यापाशी किंचित नंतर. सेकंदाच्या या तुकड्यावरून तो साधारण कोणत्या बाजूनं आला हे काढता येतं. नंतरच्या व्हेला उपग्रहांची घड्याळं जास्त अचूक होती. त्यांच्या आधारे क्लेबेसाडेल, इयान स्ट्राँग आणि ओल्सन यांनी हिशेब मांडला आणि ठरवलं की हे किरण पृथ्वीवरून आलेले नाहीत आणि सूर्याकडूनही नाहीत. जून १९७३ मध्ये त्यांचा छोटासा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यात जुलै १९६९ ते जुलै १९७२ या काळातले १६ स्फोट होते.

लष्करानं ही माहिती सहा वर्षं दडवून ठेवली, असं अनेक ठिकाणी लिहिलेलं सापडतं. कथा म्हणून ती रंगतदार आहे, पण क्लेबेसाडेल यांनीच पुढे तिचा इन्कार केला. उशीर झाला तो खात्री करून घेण्यात. मला ही खात्रीची सहा वर्षं त्या गुपितापेक्षा जास्त आवडतात. शत्रूच्या बॉम्बवर नजर ठेवायला बसवलेली माणसं, त्यांच्या समोर काहीतरी भलतंच येतं, ते बॉम्ब नाही एवढं कळल्यावर त्यांचं सरकारी काम खरं तर संपतं. तरीही ते कागद फेकून न देता वेगळे काढून ठेवतात. हा सगळा इतिहास त्या बाजूला ठेवलेल्या कागदांवर उभा आहे.

आता प्रश्न आला अंतराचा. दिशा साधारण कळली, पण किती लांब? रात्री एसटीच्या खिडकीतून अंधारात एक ठिणगी दिसते. ती शेजारच्या बांधावर कुणी ओढलेली काडी आहे की पलीकडच्या डोंगरावरचा वणवा, हे नुसत्या उजेडावरून सांगता येत नाही. अंतर माहीत नसेल तर ताकद कळत नाही, आणि ताकद कळत नाही तोवर कारण शोधणं म्हणजे अंधारात काठी फिरवणं. काठ्या पुष्कळ फिरल्या. धूमकेतू मृत ताऱ्यावर आपटत असतील, ताऱ्याच्या पृष्ठभागाला तडे जात असतील, कृष्णविवरं काही गिळत असतील. १९९४ मध्ये रॉबर्ट नेमिरॉफ या खगोलशास्त्रज्ञानं अशा सिद्धान्तांची यादी केली तेव्हा ती शंभराच्या वर गेली. बहुतेकांचा कल मात्र एकच होता. स्फोट आपल्याच आकाशगंगेत, न्यूट्रॉन ताऱ्यांवर होत असावेत. न्यूट्रॉन तारा म्हणजे मोठ्या ताऱ्याच्या मृत्यूनंतर उरलेला, शहराएवढ्या आकाराचा पण सूर्याहून जड असा गोळा. स्फोट जवळचे मानले की ताकद आवाक्यात राहते. यात सोय होती, आणि सोयीचं मत लवकर पसरतं.

५ एप्रिल १९९१ रोजी अमेरिकेनं कॉम्प्टन वेधशाळा अवकाशात पाठवली. तिच्या आठ कोपऱ्यांवर ‘बॅट्सी’ नावाचं उपकरण होतं, प्रत्येक कोपऱ्याला एक डोळा. अपेक्षा अशी होती की शे-दोनशे स्फोट नोंदले की चित्र स्पष्ट होईल. आपण आकाशगंगेच्या तबकडीत राहतो. तबकडीतल्या गोष्टी आपल्याला पट्ट्यासारख्या दिसतात. उन्हाळ्यात गच्चीवर निजलं की दिसणारा तो दुधाळ पट्टा म्हणजे तीच तबकडी. स्फोट तिथले असते तर नकाशावर पट्टा उमटायला हवा होता. तो उमटलाच नाही. ठिपके आकाशभर सारखे पसरले, परातीत पीठ चाळावं तसे. पट्टा नाही, मध्य नाही, कुठं गर्दी नाही.

झालं, घर पेटलं! २२ एप्रिल १९९५ रोजी वॉशिंग्टनमधल्या स्मिथसोनियनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयाच्या सभागृहात यावर जाहीर वाद झाला. जागा मुद्दाम निवडली होती. पंचाहत्तर वर्षांपूर्वी, एप्रिल १९२० मध्ये, याच सभागृहात हार्लो शॅप्ली आणि हेबर कर्टिस यांच्यात विश्वाच्या आकारावरून चर्चा झडली होती. आकाशात दिसणारे भोवऱ्यासारखे ढग आपल्याच आकाशगंगेचा भाग आहेत की त्या स्वतंत्र दीर्घिका आहेत, हा त्या वेळचा प्रश्न होता. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखी अब्जावधी ताऱ्यांची वस्ती. १९९५ चा प्रश्नही जातकुळीनं तोच, आतलं की बाहेरचं? शिकागोच्या डोनाल्ड लँब यांनी बाजू मांडली की स्फोट आकाशगंगेभोवतीच्या एका प्रचंड गोलाकार प्रभावळीत होतात. तबकडीतून भिरकावले गेलेले न्यूट्रॉन तारे तिथं पसरले आहेत. प्रिन्स्टनचे बोहदान पाचिन्स्की, मूळचे पोलंडचे, म्हणाले की स्फोट अब्जावधी प्रकाशवर्षं दूर, परक्या दीर्घिकांत आहेत. हे ते १९८६ पासून सांगत होते, आणि बराच काळ ते जवळजवळ एकटेच होते. केंब्रिजचे मार्टिन रीस अध्यक्षस्थानी होते. चर्चा उत्तम झाली आणि निकाल लागला नाही, कारण वादानं निकाल लागण्यासारखी ही गोष्टच नव्हती. कुणीतरी त्या ठिपक्यावर बोट ठेवून ‘हे घर’ असं दाखवायला हवं होतं.

अडचण अशी की गॅमा किरण भिंगानं एकत्र आणता येत नाहीत. बॅट्सी दिशा सांगायची ती काही अंशांच्या चुकीनं. तेवढ्या तुकड्यात पौर्णिमेचे कित्येक चंद्र मावतील आणि दुर्बिणीतून पाहिलं तर हजारो दीर्घिका. ‘पुण्यात राहतो’ एवढ्या पत्त्यावर पोस्टमननं काय करायचं?

तोडगा निघाला इटली आणि नेदरलँड्स यांच्या एका बेताच्या आकाराच्या उपग्रहाकडून. एप्रिल १९९६ मध्ये सोडलेल्या या उपग्रहाचं नाव ‘बेप्पोसॅक्स’. ज्युसेप्पे ओक्यालिनी या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाला मित्र बेप्पो म्हणत, ते नाव उपग्रहाला दिलं. त्यावर गॅमा किरण ओळखणारं उपकरण होतं आणि क्ष-किरणांचा कॅमेराही. चूल विझली तरी निखारे काही वेळ धग धरून राहतात. तशी या स्फोटाची धग क्ष-किरणांत मागे उरत असेल, तर ती कॅमेऱ्यात बरीच नेमकी पकडता येईल, असा विचार होता.

२८ फेब्रुवारी १९९७ रोजी पहाटे एक स्फोट झाला. आठ तासांनी उपग्रह तिकडे वळवला तर तिथं क्ष-किरणांची धग होती, ओसरत चाललेली. तिची जागा कळल्याबरोबर अॅमस्टरडॅमच्या यान व्हान पाराडाइस यांच्या चमूनं कॅनरी बेटांतल्या ला पाल्मा इथल्या विल्यम हर्शेल दुर्बिणीतून त्याच संध्याकाळी फोटो काढवला. टिटस गलामा आणि पॉल ग्रूट हे त्यांचे विद्यार्थी त्या कामात होते. ८ मार्चला त्याच जागेचा पुन्हा फोटो काढला. दोन फोटो शेजारी ठेवले. पहिल्यात एक ठिपका होता, दुसऱ्यात तो नव्हता. गॅमा किरणांच्या स्फोटाचा साधा, डोळ्यांच्या जातीचा प्रकाश माणसानं पहिल्यांदा पाहिला तो असा. मृग नक्षत्राच्या भागातला एक ठिपका, आठवड्यात विझलेला. पुढे हबल दुर्बिणीनं त्याच जागी पाहिलं तेव्हा एक पुसट, पसरट डाग मागे उरलेला दिसला. ती दीर्घिका होती. घर सापडलं होतं. व्हान पाराडाइस १९९९ मध्ये वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी गेले. त्यांच्या हयातीत हा एवढा मोठा प्रश्न सुटला आणि तो त्यांच्या दुर्बिणीखाली सुटला, याचं मला उगाचच समाधान वाटतं.

डाग दिसला तरी अंतर राहिलंच होतं. ते मिळालं पुढच्या मे महिन्यात. ८ मेच्या स्फोटाचा मागे उरलेला उजेड हवाई बेटांवरच्या केक दुर्बिणीनं पकडला आणि त्याचा वर्णपट काढला. त्यात काळ्या रेघा होत्या, वाटेतल्या वायूतल्या लोहानं आणि मॅग्नेशियमनं गिळलेल्या प्रकाशाच्या. विश्व प्रसरण पावतं, त्यामुळे लांबून आलेल्या प्रकाशातल्या या रेघा तांबड्या बाजूला सरकतात. मराठीत त्याला ताम्रसृती असा सुरेख शब्द आहे. रेघा किती सरकल्या ते मोजलं. तो प्रकाश किमान सातशे कोटी वर्षं प्रवास करून आला होता. आपली पृथ्वी जन्मायच्या कितीतरी आधी तो निघाला होता. पाचिन्स्की बरोबर होते.

याच मेच्या स्फोटानं आणखी एक गोष्ट सांगितली. तारे लुकलुकतात आणि ग्रह लुकलुकत नाहीत, हे आपण लहानपणी शिकतो. कारण तारा आपल्याला टिंबाएवढा दिसतो आणि ग्रह छोट्या थाळीएवढा. थाळीला हवा हलवू शकत नाही. न्यू मेक्सिकोमधल्या रेडिओ दुर्बिणींवर डेल फ्रेल आणि त्यांचे सहकारी या स्फोटाच्या रेडिओ लहरी ऐकत होते. ज्या लहरींवरून माझा आवाज तुमच्यापर्यंत येतो आहे, त्याच जातीच्या लहरी. सुरुवातीला हा रेडिओ उजेड लुकलुकत होता. काही आठवड्यांनी लुकलुकणं थांबलं. म्हणजे टिंबाची थाळी झाली होती. तेवढ्या अवधीत तो एवढा पसरला, तर त्याचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या आसपास असला पाहिजे. सातशे कोटी वर्षं जुन्या घटनेचा आकार नुसत्या लुकलुकण्यावरून मोजला! कवींनी लुकलुकणाऱ्या ताऱ्यांवर शेकड्यांनी ओळी लिहिल्या, पण त्यातून एवढं काम कुणी काढलं नाही.

घरं सापडू लागली तशी गल्ली दिसू लागली. लांब काळ चालणारे, म्हणजे दोन सेकंदांहून जास्त टिकणारे स्फोट कुठं होतात? अँड्र्यू फ्रुक्टर आणि सहकाऱ्यांनी हबलच्या फोटोंवरून अशा ४२ स्फोटांच्या दीर्घिका तपासल्या. निबंध २००६ मध्ये आला. आपल्या आकाशगंगेसारखी डौलदार, चक्राकार दीर्घिका त्यांत एकच निघाली. बाकीच्या बहुतेक लहान, वेड्यावाकड्या, अजून आकार न घेतलेल्या. आणि त्या दीर्घिकांतही स्फोट कुठंही होत नव्हते. जिथं नवे तारे धडाधड जन्मत असतात, अशा सर्वात उजळ ठिकाणीच ते एकवटलेले होते. बाळंतिणीच्या खोलीतच मरण, असा हा प्रकार. अर्थ उघड होता. मरणारा तारा अवजड असला पाहिजे. सूर्यासारखा तारा हजार कोटी वर्षं जगतो. त्याच्या वीस-तीस पट जड तारा काही दशलक्ष वर्षांत इंधन उधळून मोकळा होतो, त्याला जन्मगावाहून दूर जायला सवडच मिळत नाही.

पुरावा तोवर हाती आलाच होता. एप्रिल १९९८ मध्ये एका स्फोटाच्या जागी अतिनवतारा दिसला होता, म्हणजे कोसळून फुटलेला अवजड तारा. पण तो स्फोट फारच क्षीण होता, म्हणून शंका उरली. २९ मार्च २००३ च्या स्फोटानं ती मिटवली. तो दणदणीत होता आणि सुमारे दोनशे कोटी प्रकाशवर्षांवरचा, म्हणजे या हिशेबात जवळचा. त्याचा उजेड ओसरत गेला तसा आतून अतिनवताऱ्याचा वर्णपट वर आला. या स्फोटाचा रेडिओ आवाज आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या दुर्बिणीनंही बराच काळ ऐकला. पुणे-नाशिक रस्त्यावरून जाताना द्राक्षांच्या बागांपलीकडे त्या पांढऱ्या जाळीच्या परड्या दिसतात, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या. एकूण तीस आहेत.

तर गल्लीवरून धंदा कळला. अवजड ताऱ्याचा गाभा कोसळतो, कृष्णविवर तयार होतं, आणि वेगानं गरगरणाऱ्या त्या गाभ्यातून दोन विरुद्ध दिशांना झोत सुटतात, ताऱ्याचं कवच फोडून बाहेर. झोताचं तोंड आपल्याकडे असेल तरच आपल्याला स्फोट दिसतो. हा आराखडा स्टॅन वूझली यांनी १९९३ मध्येच, घर सापडण्याच्या चार वर्षं आधी, मांडला होता.

पण लहान, अडाणी दीर्घिकाच का? इथं धातूंचा प्रश्न येतो. खगोलशास्त्रात हायड्रोजन आणि हीलियम सोडून सगळ्यालाच धातू म्हणतात, ऑक्सिजनसुद्धा! माझ्या शाळेतल्या सरांनी कान पिळला असता. ताऱ्यात धातू जास्त असले की त्याच्या पृष्ठभागावरून जोराचे वारे सुटतात आणि ते वारे त्याचं वजन आणि गिरकी दोन्ही घेऊन जातात. गिरकी गेली की झोत नाही. आपली आकाशगंगा जुनी. ताऱ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी तिच्यात धातू साठवले. लहान दीर्घिका या बाबतीत गरीब, म्हणून तिथले तारे मरेपर्यंत गरगरत राहतात. नियम पोलादी नाही. पुढे धुळीनं भरलेल्या मोठ्या, धातूंनी संपन्न दीर्घिकांतही काही स्फोट सापडले. आधी ते धुळीमुळेच नजरेआड राहिले होते. तरी कल तोच आहे.

हा नुसता पंडितांचा विषय नाही. असा झोत काही हजार प्रकाशवर्षांवरून नेमका पृथ्वीवर आला तर ओझोनचा थर फाटेल. सुमारे ४४ कोटी वर्षांपूर्वी समुद्रातली जीवसृष्टी मोठ्या प्रमाणावर नष्ट झाली, ती अशाच स्फोटानं, असा एक तर्क २००४ मध्ये मांडला गेला. तो तर्कच आहे, पुरावा नाही. ९ ऑक्टोबर २०२२ रोजी नोंदला गेलेला सर्वात प्रखर स्फोट सुमारे दोनशे कोटी प्रकाशवर्षांवरचा होता. तरी त्यानं आपल्या वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात खळबळ उडवली आणि उपग्रहांची उपकरणं दिपवून टाकली. असा स्फोट दहा हजार वर्षांत एखादा, असा अंदाज आहे. तेव्हा आपली वस्ती धातूंनी संपन्न आहे, ही बातमी मला तरी दिलासा देणारी वाटते.

आखूड स्फोटांची, दोन सेकंदांच्या आतल्यांची, गोष्ट वेगळी. त्यांचा मागचा उजेड इतका मंद की २००५ पर्यंत एकाचाही पत्ता लागला नव्हता. त्या वर्षी ‘स्विफ्ट’ उपग्रहानं काही पकडले, तर त्यातले काही चक्क म्हाताऱ्या, लंबगोल दीर्घिकांत निघाले, जिथं नवे तारे जन्मायचं कधीच बंद झालं आहे. इथं अवजड तरुण तारे असणारच नाहीत. मग मरतं कोण? दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची जोडी. एकमेकांभोवती फिरत फिरत ते अब्जावधी वर्षांत जवळ येतात आणि एकमेकांत मिसळतात. १७ ऑगस्ट २०१७ रोजी अशा मीलनाच्या गुरुत्वीय लहरी आधी आल्या आणि १.७ सेकंदांनी गॅमा किरण. जागा होती सुमारे तेरा कोटी प्रकाशवर्षांवरची एनजीसी ४९९३, एक वयस्क दीर्घिका. सोन्यासारखी जड मूलद्रव्यं अशा टकरींत घडतात याचा भक्कम आधार तिथं मिळाला. गुरुत्वीय लहरी ऐकणारी तशीच वेधशाळा आपल्याकडे हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारायला केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली.

या जोड्यांपैकी ७ मार्च २०२३ ची मला विसरता येत नाही. तो स्फोट तीनेक मिनिटं चालला, म्हणजे लांबच्यांत मोडायला हवा. पण जेम्स वेब दुर्बिणीला त्याच्या राखेत टेल्यूरियम हे जड मूलद्रव्य दिसलं. धंदा जोडीचा होता. तेव्हा कालावधीवरून केलेली वाटणी पूर्वीइतकी पक्की राहिली नाही. आणि जागा? दीर्घिकेच्या बाहेर, तिच्यापासून सुमारे एक लाख वीस हजार प्रकाशवर्षं दूर, ओसाडीत. उलगडा असा की जोडीतला एकेक तारा फुटून न्यूट्रॉन तारा बनताना बसलेल्या धक्क्यानं जोडी घराबाहेर फेकली गेली, पण एकमेकांपासून सुटली नाही. कोट्यवधी वर्षं ते दोघे वस्तीबाहेर भटकले आणि तिथंच एकमेकांत विलीन झाले. या एका स्फोटाचं सापडलेलं घर म्हणजे त्यांनी सोडलेलं घर आहे.

आपणही या शोधात आता आहोत. सप्टेंबर २०१५ मध्ये सोडलेल्या ‘अॅस्ट्रोसॅट’वर मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, पुण्याची आयुका आणि इतर संस्थांनी मिळून तयार केलेला एक कॅमेरा आहे. ६ ऑक्टोबरला तो सुरू केला आणि पहिल्याच दिवशी त्याला गॅमा किरणांचा स्फोट सापडला. २०२२ पर्यंत ही संख्या पाचशेवर गेली.

आणि हे स्फोट फक्त स्वतःचा पत्ता देत नाहीत. बंद खोलीत कुणी क्षणभर काडी ओढावी आणि तेवढ्यात भिंती, कोनाडे, टांगलेले कपडे दिसून जावेत, तसं होतं. सप्टेंबर २००५ च्या एका स्फोटाचा प्रकाश जवळजवळ तेराशे कोटी वर्षांपूर्वी निघाला होता. जपानच्या सुबारू दुर्बिणीनं त्याचा वर्णपट काढला तर त्यात कार्बन, ऑक्सिजन, सिलिकॉन, गंधक यांच्या रेघा निघाल्या. त्या काळातली ती दीर्घिका एरवी आपल्याला कळली नसती, पण तिथं आधीच ताऱ्यांची एखादी पिढी जगून मेली होती, हे त्या रेघांनी सांगितलं. २३ एप्रिल २००९ चा स्फोट तर विश्व जेमतेम ६३ कोटी वर्षांचं असतानाचा.

कॉम्प्टन वेधशाळा ४ जून २००० रोजी ठरवून प्रशांत महासागरात बुडवली. तिच्या नऊ वर्षांत बॅट्सीनं २७०४ स्फोट नोंदले. इतर उपग्रहांनी जागा नेमकी केलेले मोजके सोडले, तर बाकीच्यांचा मागे उरलेला उजेड तेव्हाच विझून गेला. तो पुन्हा येणार नाही. यादीत त्यांच्यापुढे तारीख आहे, वेळ आहे, आकाशातली ढोबळ दिशा आहे. पत्त्याचा रकाना कोरा आहे.